उकिरड्याची सारवासारव

आमच्या आजोळी दिवाळीच्या पाडव्याला उकिरड्यावर दिवा ठेवतात. पहाटे घर झाडून निघालेला केर सुपात घ्यायचा, तो उकिरड्यावर टाकायचा आणि वर एक पणती लावून मागे न बघता घरी यायचे. लहानपणी हे काम आम्हा मुलांना मोठे गमतीचे वाटे. गेल्या दिवाळीत कितीतरी वर्षांनी मी मामीबरोबर पणती घेऊन गेले, आणि उकिरड्याजवळ वाकले मात्र, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. नाकात झिणझिण्या आल्या. पणती कशीबशी टेकवली आणि पदराने डोळे पुसत मागे सरले.

मामी म्हणाली, "यव्वा, कण्ण उरीताव." डोळे जळतात बाई, रोजच जळतात. मला तर रोज दोन वेळा इथे यावे लागते.

माझी आई कानडी, वडील मराठी. आमच्या घरात स्वयंपाकघरात कानडी आणि सोप्यात मराठी अशी वाटणी होती. या भागात असे घर म्हणजे काही नवल नाही. आई भाऊबीजेला मामाकडे जाते आणि तिच्याबरोबर मीही एक रात्र राहून येते. बेळगावहून बैलहोंगलची बस धरली की हलगा, बस्तवाड मागे पडते, सुवर्ण विधानसौधची भव्य पांढरी इमारत दिसते आणि हिरेबागेवाडी ओलांडली की मातीचा रंग बदलू लागतो. बेळगावची तांबडी माती हळूहळू काळवंडते, भाताच्या जागी ज्वारी, हरभरा, कापूस दिसू लागतो. मामाचे गाव याच काळ्या रानातले. घरापुढे दगडी कट्टा, डाव्या अंगाला गोठा, आणि मागे भिंतीला लागून उकिरडा. मराठीत उकिरडा, सासरकडच्या बोलीत गायरी, आजोळच्या कानडीत तिप्पी. वस्तू एकच!

मामाची तिप्पी आणि शेजाऱ्याचे घर

मामाकडे एक बैलजोडी, एक गाय आणि तीन म्हशी. उकिरडा हा त्याच्या अभिमानाचा विषय. "ज्याची तिप्पी मोठी, त्याचे रान मोठे," असे तो म्हणतो. पूर्वी सोयरीक जमवायला आलेले पाहुणे आधी उकिरड्याकडे नजर टाकत, हे मी आजीच्या तोंडून ऐकले आहे. ढीग मोठा म्हणजे जनावरे भरपूर, जनावरे भरपूर म्हणजे मुलगी दूधदुभत्याच्या घरात पडणार.

पण आता मागच्या मोकळ्या जागेत एक निवृत्त शिक्षकांनी घर बांधले आहे. त्यांच्या पत्नीला दम्याचा त्रास. त्यांची खिडकी उघडली की समोर मामाची तिप्पी. दोनदा बोलाचाली झाली, तिसऱ्या वेळी त्यांनी पंचायतीत अर्ज देण्याची भाषा केली. मामाचे म्हणणे, माझी तिप्पी चाळीस वर्षांची, याचे घर कालचे! मामाचा मुलगा मात्र वेगळेच म्हणत होता. "जनावरांचे करायला माणूस मिळत नाही, आईचे डोळे गेले, शेजाऱ्याशी वैर आले. म्हशी विकून टाकू आणि युरियाची चार पोती जास्त आणू." त्या रात्री जेवताना हाच विषय. मामा घास तसाच ठेवून उठला. भाऊबीजेचे ओवाळणे झाले, पण घरात हसू नव्हते.

मी मराठी शिकवते, मला शेतीतले काय कळणार? पण त्या पणतीजवळचे डोळ्यांतले पाणी मनातून जाईना. सुट्टी संपल्यावर स्टाफरूममध्ये रसायनशास्त्राच्या सहकारी बाईंना सहज विचारले. त्यांनी आधी एकच प्रश्न केला, "वास सडक्या अंड्यासारखा होता, की डोळ्यांत आणि नाकात झोंबणारा?"

"झोंबणारा."

"मग तो अमोनिया. तुमच्या मामांचे खत उडून चालले आहे."

वास नव्हे, खत

त्यांनी समजावले ते असे. जनावराच्या मुतात युरिया असतो, अगदी पोत्यात मिळतो तोच पदार्थ. नुसते मूत वेगळे असेल तर तो काही काळ टिकतो. पण शेणात असे जिवाणू असतात की त्यांच्याजवळचे विकर त्या युरियाला फोडून अमोनिया तयार करते. शेण आणि मूत एकत्र कालवले की हे काम काही तासांत सुरू होते. हा अमोनिया पाण्यात विरघळून राहिला तर ते नत्र, म्हणजे पिकाचे अन्न. पण ढीग तापला आणि त्यातला क्षारपणा वाढला की तो पाणी सोडून वायू होतो आणि हवेत जातो. नवा ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे सर्वांत धोक्याचे. नेमका त्याच वेळी ढीग वरखाली केला की आत कोंडलेला अमोनिया भसकन बाहेर पडतो.

"आणि दिवाळी होती ना? घराला चुना दिला असेल. उरलेला चुना कुठे टाकला?" बाईंनी विचारले.

मी चकितच झाले. चुन्याची बादली मामीने उकिरड्यावरच रिकामी केली होती! चुलीतली राखही रोज तिथेच. चुना काय, राख काय, दोन्ही क्षारधर्मी. दोन्हींनी अमोनियाला बाहेरची वाट दाखवली.

नुकसान किती होते? शेणखत कुजताना त्यातल्या मूळ नत्राचा पाचवा हिस्सा ते निम्मा भाग निघून जातो, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे, आणि त्यातला मोठा वाटा अमोनियाचा. बाईंनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. दहा टन शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र धरले तर ५० किलो. त्यातले ४० टक्के गेले तर २० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नत्र असते सुमारे २१ किलो. म्हणजे दहा टनांच्या ढिगातून युरियाचे जवळजवळ एक पोते हवेत जाते आणि ते पोते आपण दुकानातून विकत आणतो. उडालेला अमोनिया कुठे नाहीसा होत नाही. हवेतल्या इतर वायूंशी मिळून त्याचे अतिशय बारीक कण बनतात आणि ते श्वासावाटे आपल्याच छातीत जातात.

पश्चिमेची गायरी

तुळशीच्या लग्नाला सासरी गेले. आमचे सासर वेंगुर्ला रस्त्यावर. हिंडलगा, सुळगा, उचगाव असे करत पुढे गेले की थोड्या अंतरावर शिनोळी, तिथे महाराष्ट्र सुरू. हा भाग मामाच्या गावाच्या अगदी उलट. तांबडी माती, धो धो पाऊस, भात, बटाटे, रताळी. इथली गायरी म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा. या वेळी मी ती प्रथमच नीट पाहिली. इथे वास कमी होता, कारण सासूबाई गोठ्यात भाताचे पिंजर अंथरतात. ते मुताने भिजले, जनावरांच्या पायांखाली तुडवले गेले की शेणासकट उचलून गायरीत जाते. सासूबाईंना ते विचारले, तर त्या म्हणाल्या, "जनावराला ओलात बसवायचं का गं? म्हणून घालतो." त्यांना त्यातले रसायन माहीत नव्हते, पण काम बरोबर चालले होते.

त्यामागचे गणित असे. खत कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब आणि नत्र दोन्ही लागते. सुरुवातीच्या मिश्रणात एका भाग नत्राला २५ ते ३० भाग कर्ब असला की ते नत्र आपल्या शरीरात बांधून ठेवतात. कर्ब कमी पडला की जास्तीचे नत्र अमोनिया होऊन बाहेर जाते. शेणामुतात नत्र जास्त, कर्ब कमी. कोंबडीच्या विष्ठेत तर नत्र आणखीच जास्त, म्हणून पोल्ट्रीजवळून जाताना नाक धरावे लागते. पिंजर, कडब्याची चगळ, उसाचे पाचट, लाकडाचा भुसा यांत कर्ब भरपूर. दोन्हींची गाठ घालून द्यायची, एवढेच आपले काम.

पण सासरच्या गायरीचे दुसरे दुखणे होते. वर आच्छादन नाही. पावसाळाभर त्यातून काळे पाणी वाहून ओढ्याला जाते, हे मी गेली वीस वर्षे पाहत आले आणि 'गायरी भरून वाहते' म्हणून सोडून दिले. तेही नत्रच. मामाचे हवेवाटे जाते, आमचे पाण्यावाटे.

इंदूर आणि बंगळूर

या निमित्ताने कॉलेजच्या ग्रंथालयात थोडे वाचन केले, तेव्हा एक गोष्ट समजून आनंद वाटला. उकिरड्याचे शास्त्र जगाला ज्या ठिकाणांहून मिळाले, त्यातली दोन आपल्याच ओळखीची आहेत. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेचे प्रमुख होते. तिथे त्यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली. १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचे नाव आहे. आडनाव वाचताच आपल्यातलेच कोणी असावे असे वाटले. या पद्धतीत काडीकचरा, शेण आणि गोठ्यातली मुताने भिजलेली माती यांचे थर देतात. तीन महिन्यांत तीन वेळा पालटणी करायची, म्हणजे ढिगाला हवा मिळते. इंदूर पद्धतीत थोडी राखही असते, पण तिथे काडीकचऱ्याचे प्रमाण मोठे. आपल्याकडे शेणच शेण, आणि त्यावर राख.

दुसरी पद्धत बंगळूरची. १९३९ च्या सुमारास डॉ. सी. एन. आचार्य यांनी ती मांडली. खड्ड्यात कचरा आणि शेणाचे थर भरायचे आणि वरून चिखलाने लिंपून टाकायचे. पालटणी नाही. खत तयार व्हायला सहा ते आठ महिने लागतात, पण कष्ट कमी आणि नत्रही कमी उडते.

मराठीत आपण 'सारवासारव' म्हणतो ते नाक मुरडून. चूक झाकायची, वरवर बोलून वेळ मारून न्यायची, ती सारवासारव. कानडीतही अगदी तसाच वाक्प्रचार आहे, 'तिप्पी सारसोदु', म्हणजे उकिरडा सारवणे. काही लपवू लागले की आई आम्हाला लहानपणी दटावायची, "तिप्पी सारसब्याड!" सारवणे आणि सारसोदु हे शब्द कानाला तर सख्ख्या बहिणी वाटतात. वरून सारवल्याने उकिरडा काही अंगण होत नाही, असा दोन्ही भाषांचा टोमणा. आणि बंगळूरचे आचार्य सांगतात की उकिरडा सारवाच! वर्गात हे शब्द मी किती वेळा शिकवले असतील. पण उकिरडा खरोखरच सारवावा, हे कधी डोक्यात आले नव्हते.

हळदीची चिंधी

तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी पुन्हा बैलहोंगलची बस धरली. सहकारी बाईंनी प्रयोगशाळेतल्या लाल लिटमस कागदाच्या चार पट्ट्या दिल्या होत्या. पट्टी ओली करून ढिगावर धरली की अमोनिया असल्यास ती निळी होते. मामासमोर मी पट्टी धरली. मामाने खोऱ्याने ढीग जरा उकरला आणि पट्टी बघता बघता निळी झाली. पण मामावर फारसा परिणाम दिसला नाही. कॉलेजचा कागद, तो काय वाटेल तो रंग दाखवेल!

मामी मात्र विचारात पडली. म्हणाली, "हळदीला चुना लावला की लाल होते, कुंकू तसेच करतात. हे तसलेच ना?" मला काही सुचायच्या आत ती आत गेली, जुन्या पांढऱ्या धोतराची चिंधी हळदीच्या पाण्यात बुडवून घेऊन आली आणि उकरलेल्या जागी धरून उभी राहिली. पिवळी चिंधी कडेने तांबूस होत गेली. आता मामा वाकून पाहू लागला. नातवाला हाक मारली, त्यालाही दाखवले. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "रोक्क हारि होग्तैती." पैसा उडून चाललाय की!

त्या दिवशी आम्ही काय काय ठरवले ते इथे देते, कारण वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी जनावरे असतील.

पहिले, राख आणि चुना उकिरड्यावर बंद. राख वेगळ्या डब्यात, ती भांड्यांना किंवा परसातल्या झाडांना.

दुसरे, मूत वाया घालवायचे नाही. एक मोठे जनावर दिवसाला आठ-दहा लिटर मूत सहज देते. मामाच्या गोठ्यातले मूत मोरीतून गल्लीत जात होते. जमिनीला उतार देऊन नाली काढली आणि तिच्या तोंडाशी खड्ड्यात चगळ, भुसा भरला. भिजला की उकिरड्याच्या थरात टाकायचा आणि लगेच झाकायचा.

तिसरे, एक बुट्टी शेण तर दोन बुट्ट्या कोरडा कचरा. पऱ्हाट्या तशाच्या तशा टाकल्या तर वर्षभर कुजत नाहीत, त्या बारीक तोडायच्या किंवा गोठ्यात जनावरांच्या पायाखाली घालायच्या.

चौथे, पाणी. मूठभर खत पिळले की बोटांत ओल जाणवावी, पण धार लागू नये. ढीग सुकला की अमोनियाला विरघळायला पाणी उरत नाही. फार ओला झाला की हवा कोंडते, सडका वास सुटतो आणि मिथेनसारखे वेगळेच वायू निघतात. ढीग दाबून बसवला तरी हीच गत. म्हणून तळाला पऱ्हाट्यांचा एक थर हवेसाठी.

पाचवे, तापलेल्या ढिगाला हात लावायचा नाही. पालटायचाच असेल तर पहिले तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत, सकाळी गारव्यात पालटावा आणि त्याच तासाला झाकावा.

आणि सहावे, सारवणे! वर हातभर जुन्या मुरलेल्या खताचा आणि मातीचा ओलसर थर, त्यावर चिखल आणि थोडे शेण कालवून सारवण. रोज शेण टाकायला एक कोपरा उघडा, त्यावर भिजवलेले गोणपाट. ओल्या मातीत आणि मुरलेल्या खतात अमोनिया अडकतो, विरघळतो आणि तिथले जिवाणू त्याला धरून ठेवतात. प्लास्टिकचा कागद घट्ट ताणून घातला तर वास तात्पुरता कोंडतो, पण हवा बंद होते आणि कागद काढताच कोंडलेले सारे बाहेर येते.

थरांमध्ये थोडे जिप्सम किंवा सिंगल सुपर फॉस्फेट भुरभुरले तर अमोनिया त्यांच्याशी संयोग पावून न उडणारे क्षार तयार होतात, असेही बाईंनी सांगितले होते. मामाने पेरणीतून उरलेले अर्धे पोते सुपर फॉस्फेट बाहेर काढले. नाहीतरी ते रानातच जायचे, खतातून गेले तर बिघडले कुठे?

सारवण मामीने घातले. माझ्या आईनेही नको नको म्हणताना पदर खोचला. सत्तरी गाठलेल्या नणंद-भावजया उकिरडा सारवत होत्या आणि हसत होत्या. आई म्हणाली, "आयुष्यभर पोरांना तिप्पी सारसब्याड म्हणून दटावले, आता स्वतःच सारवते आहे!" हसण्याचा आवाज ऐकून शेजारच्या बाई खिडकीत आल्या. बऱ्याच दिवसांनी ती खिडकी उघडलेली दिसली.

पाडव्यापर्यंत

संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले. वास पूर्ण गेला होता असे मी म्हणणार नाही. शेण टाकायचा कोपरा उघडला की अजून थोडा झोंबत होता. पण मामीचे डोळे निवळले होते. मामीने हळदीची नवी चिंधी सारवणावर बराच वेळ धरून दाखवली, ती पिवळीच राहिली. शेजाऱ्यांचा अर्ज पंचायतीत गेला नव्हता. उलट त्यांच्या भावाची लाकडाची वखार आहे, तिथून भुशाची चार पोती आली होती. पोती घेऊन गुरुजी स्वतः आले होते. मामाने त्यांना कट्ट्यावर बसवून चहा दिला. फार बोलणे झाले नाही म्हणे, पण चहा दोन वेळा झाला.

मामेभावाचे म्हणणे मात्र उकिरड्याच्या सारवणाने मिटणारे नव्हते, आणि ते खोटेही नव्हते. जनावरांचे करणे कष्टाचे आहे, ते कष्ट बहुतेक मामीच्या वाट्याला येतात. रोज पहाटे शेणाची बुट्टी डोक्यावर घेऊन जाते ती मामी, आणि मोठ्या तिप्पीचा मान मिळतो मामाला. हे मी या वेळी मामासमोर बोलून दाखवले. मामा काही बोलला नाही. पण पुढच्या महिन्यात त्याने एक म्हैस विकली आणि त्या पैशांतून गोठ्याला फरशी, नाली आणि शेण न्यायला एक चाकाची हातगाडी केली. दोन म्हशी राहिल्या. आता शेण हातगाडीतून जाते आणि निम्म्या वेळा ती गाडी मामेभाऊ ढकलतो.

गुढीपाडव्याला, म्हणजे मामाच्या उगादीला, आम्ही ढिगाचा जुना भाग एका कडेने उघडला. आत काळेभोर, भुसभुशीत खत. हातात घेतले तर पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास. मामा मूठभर घेऊन सरळ गुरुजींच्या दारात गेला आणि म्हणाला, "वास घ्या." चाळीस वर्षे मोठ्या ढिगाचा मान मिरवणारा मामा आज लहान झालेला ढीग मिरवत होता. कुजून ढीग खाली बसलाच होता, पण त्यातले सत्त्व यंदा पूर्वीपेक्षा जास्त टिकले असणार. ते किती, हे उन्हाळ्यात रान खतावले आणि पुढे ज्वारी उभी राहिली की कळेल.

परतताना बस हिरेबागेवाडीच्या पुढे आली आणि काळी माती संपून तांबडी सुरू झाली. आई शेजारी डुलक्या घेत होती. तिच्या नखांत सारवणाची माती तशीच होती. आपल्याकडे म्हण आहे, बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात. मामाच्या उकिरड्याला त्यासाठी पाडवा ते पाडवा एवढा वेळ पुरला. आता या मिरगाच्या आधी सासरच्या गायरीवर छप्पर घालायचे आहे आणि ते काळे पाणी थांबवायचे आहे. सासूबाईंना सांगून ठेवले आहे. त्या म्हणाल्या, "तू सारवायला येणार असलीस तर घालू."